बसून पाहिली ती खुर्ची वेगळी, घरी आली ती वेगळी

मी पुण्यात घरून डीटीपीचं काम करते. जुलै लागला की दिवाळी अंकांची पानं यायला लागतात आणि ऑक्टोबरपर्यंत रोजचे दहा-बारा तास कॉम्प्युटरसमोर जातात. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये कंबर अशी धरली की सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरता येईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, बसता कशावर? जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, व्यायाम देते, पण आधी खुर्ची बदला.

मला हव्या होत्या तशा नव्या खुर्च्या तीस हजारांच्या पुढे होत्या. तेवढ्यात एक जाहिरात दिसली : हिंजवडीतल्या आयटी कंपनीचं ऑफिस बंद झालं, नामांकित ब्रँडच्या खुर्च्यांचा लॉट, प्रत्येकी १४,५०० रुपये. असे लॉट खरोखर विकले जातात. माझ्या ओळखीच्या दोघांकडे अशाच सेकंडहँड खुर्च्या आहेत आणि उत्तम चालल्या आहेत. म्हणून गोडाऊनवर गेले.

तिथली खुर्ची खरंच सुरेख होती. अर्धा तास बसले. सीट पुढे-मागे सरकवता येत होती, त्यामुळे सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा राहत होती, पाय पूर्ण टेकत होते. मागे रेललं की पाठ जास्त आणि सीट थोडीशी कलायची, कंबरेचा आधार सुटत नव्हता. मी म्हटलं, हीच द्या. तर तो म्हणाला, ‘‘ताई, हा सॅम्पल पीस आहे, शंभर लोक बसून गेलेत. तुम्हाला याच लॉटमधला फ्रेश पीस पाठवतो. दोनच उरलेत, पेमेंट करून टाका.’’ मी तिथल्या तिथे सगळे पैसे यूपीआयने भरले. फसवणूक झाली ती या दोन मिनिटांत.

रात्री साडेआठला टेम्पो आला. बबल रॅपमध्ये गुंडाळलेली खुर्ची दोन पोरांनी दिवाणखान्यात ठेवली आणि निघून गेली. रंग तोच, जाळीची पाठ तीच, मागे ब्रँडचं नावही तेच. दुसऱ्या दिवशी सीट सरकवायचा खटका शोधू लागले, तर तो नव्हताच. फोन केला. ‘‘मॉडेल सेमच आहे ताई, व्हर्जन वेगळं आहे.’’ बदलून मागितली, तर ‘बघतो’ म्हणाला. कामाच्या गर्दीत मीही जोर लावला नाही. पाचव्या आठवड्यात खुर्ची बसल्या बसल्या खाली जायला लागली. सकाळी उंची लावायची, अकरापर्यंत गुडघे वर आलेले. कंबर पुन्हा होती तिथेच.

खुर्च्या दुरुस्त करणारे एक काका घरी आले. त्यांनी खुर्ची जमिनीवर आडवी पाडली आणि सीटखालच्या नळकांड्यावरचं काळं प्लास्टिकचं कव्हर वर सरकवलं. ‘‘हे बघा, हायड्रॉलिकवर काहीच नाही.’’ हायड्रॉलिक म्हणजे खुर्ची वर-खाली करणारं ते नळकांडं, गॅस सिलिंडर. चांगल्या सिलिंडरवर बनवणाऱ्याचं नाव आणि दर्जाचा वर्ग छापलेला असतो, तीन किंवा चार. इथे कोरा पत्रा. सीटखाली मॉडेलचं लेबल नाही. यंत्रणा साधी, पाठ-सीट एकत्र डुलणारी. पाठीमागचं ब्रँडचं नाव त्यांनी नखाने उचललं आणि ते सोलून हातात आलं. स्टिकर होता. ते पाहून मला रडूच कोसळलं, कारण ते १४,५०० रुपये एका अख्ख्या अंकाच्या मजुरीचे होते.

विक्रेत्याने माझा नंबर ब्लॉक केला होता. पैसे दुकानाच्या नव्हे, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात गेले होते. बिल म्हणून दिलेल्या कागदावर ‘एस्टिमेट’ लिहिलेलं, जीएसटी क्रमांक नाही. हा क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. पैसे देण्याआधी एवढं नक्की बघा. तो ‘बिफ्मा सर्टिफाइड’ असंही म्हणाला होता. बिफ्मा ही अमेरिकेतल्या फर्निचर उत्पादकांची संघटना, ती चाचण्यांचे निकष ठरवते. चाचणी प्रयोगशाळेत होते आणि तिचा अहवाल असतो. तो मागा, नुसत्या शब्दावर जाऊ नका.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. व्हॉट्सॲपवरची जाहिरात, चॅट आणि यूपीआयची पावती जपून ठेवली, तेच आता माझे पुरावे. यातून सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. रक्कम लहान आहे म्हणून कुणी गप्प बसू नये, असं मला मनापासून वाटतं. अशा लोकांचा धंदा आपल्या गप्प बसण्यावरच चालतो.

नवी खुर्ची गेल्या महिन्यात घेतली, बिलासकट. दुकानात ती आडवी पाडायला लावली, सीटखालच्या लेबलचा आणि सिलिंडरवरच्या छापाचा फोटो काढला, ५०० रुपये आगाऊ दिले आणि उरलेले पैसे घरी आलेल्या खुर्चीवरचा नंबर फोटोशी जुळल्यावरच दिले. दुकानदार रागावला नाही. लेबल नीट दिसावं म्हणून त्याने स्वतःच मोबाइलचा टॉर्च धरला होता.