आयआयटी मद्रासचं ऑनलाइन बीएस: फाउंडेशनचे मॅथ्स-स्टॅट्स कोर्स कुठल्या क्रमाने घ्यावे

आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स डिग्रीच्या फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या लेव्हलला, मॅथ्स आणि स्टॅट्सचे (संख्याशास्त्राचे) दोन-दोन कोर्स असतात. सगळ्यात आधी महत्त्वाचं सांगते, तुम्ही कॉमर्स किंवा आर्ट्सचे असाल तर मॅथ्स टू आणि स्टॅट्स टू एकाच टर्मला घेऊ नका. नियमात बसतं, स्टॅट्स टूसाठी मॅथ्स वन आणि स्टॅट्स वन आधी पास लागतात आणि मॅथ्स टू सोबत घेतलं तरी चालतं, पण चालतं म्हणजे झेपतं असं नाही. मी घेतलं, वर पायथॉन (प्रोग्रॅमिंग) आणि इंग्लिश टूसुद्धा घेतलं, आणि स्टॅट्स टूमध्ये नापास झाले.

मी सांगलीजवळची, दहावी मराठी मीडियम, बारावी कॉमर्स (मॅथ्स घेतलं होतं, बरं झालं घेतलं ते), आणि बीकॉम करत करत ह्या डेटा सायन्सच्या डिग्रीची फाउंडेशन लेव्हल पूर्ण केली. डिग्री २०२० मध्ये जाहीर झाली, पूर्ण बीएस १४२ क्रेडिटचं आहे, त्यात फाउंडेशनचे ८ कोर्स म्हणजे ३२ क्रेडिट. जेईई लागत नाही, बारावी कुठल्याही शाखेची चालते, फक्त दहावीला गणित आणि इंग्रजी असायला हवं. आधी चार आठवड्यांचा अभ्यास करून क्वालिफायर परीक्षा द्यायची, ती पास झाली की ॲडमिशन. मी भरली तेव्हा एका कोर्सची फी ४,००० रुपये होती, उत्पन्न आणि कॅटेगरीनुसार ७५ टक्क्यांपर्यंत माफी मिळते, तेवढी कागदपत्रं आधीच काढून ठेवा, आमच्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाबांना तीन हेलपाटे पडले.

मॅथ्स वनला घाबरू नका. सेट, रिलेशन, फंक्शन, सरळ रेषा, वर्गसमीकरण, बहुपदी, लॉग, बरंचसं शाळेत झालेलंच असतं, फक्त इथे प्रश्न फिरवून विचारतात, पाठ केलेलं उपयोगी पडत नाही. स्टॅट्स वन मला सगळ्यात आवडला. डेटाचे प्रकार, सरासरी, दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का ते बघणं, मग मोजणी, प्रोबॅबिलिटी (शक्यता), बेजचा नियम, रँडम व्हेरिएबल. उषा मोहन मॅडम शिकवतात, इतकं सावकाश आणि समजावून की मी व्हिडिओ एकदासुद्धा मागे नेला नाही. पण ह्याच कोर्समुळे गैरसमज होतो, वाटतं स्टॅट्स म्हणजे एवढंच, टू पण असंच जाईल.

मराठी मीडियमवाल्यांसाठी एक सांगते, अडचण गणिताची नसते, शब्दांची असते. मी पहिल्या आठवड्यापासून एक वही केली, डावीकडे त्यांचा शब्द उजवीकडे आपला. मीडियन म्हणजे मध्यक, मोड म्हणजे बहुलक, सॅम्पल स्पेस म्हणजे नमुना अवकाश, डिटर्मिनंट म्हणजे निश्चयक. निश्चयक तर दहावीला क्रेमरच्या पद्धतीत केलेला होता की! ते कळलं त्या दिवशी निम्मी भीती गेली.

आता मॅथ्स टू. मॅट्रिक्स, गाउसियन एलिमिनेशन, व्हेक्टर स्पेस, रँक, पुढे दोन-तीन व्हेरिएबलचं कॅल्क्युलस. सारंग साने सरांची लेक्चर्स आहेत, एकेक पायरी फळ्यावर दाखवल्यासारखी. रँक मला आठवडाभर कळत नव्हता, मग हॉटेलच्या बिलांवर बसवून बघितला. २ चहा आणि १ वडापावचे ४० रुपये, १ चहा आणि २ वडापावचे ५०. ह्यावरून चहा १० आणि वडापाव २० निघतो. आता तिसरं बिल आलं, ३ चहा ३ वडापाव ९० रुपये, ते पहिल्या दोघांची बेरीजच आहे, नवीन काहीच सांगत नाही. बिलं तीन, खरी माहिती दोनच, म्हणून रँक २. हे डोक्यात बसल्यावर पुढचं भराभर सुटायला लागलं. पण रो ऑपरेशन (मॅट्रिक्सच्या ओळींची बेरीज-वजाबाकी) हाताने करायला लागतात, रोज एक तरी, नुसतं व्हिडिओ बघून काही होत नाही.

आणि स्टॅट्स टू. अँड्र्यू थंगराज सर शिकवतात, कोर्स फार सुंदर आहे, पण त्यासाठी हातात कॅल्क्युलस पाहिजे. कंटिन्युअस रँडम व्हेरिएबल (उंची-वजनासारखी, मधली कुठलीही किंमत घेणारी राशी) आलं की प्रत्येक ठिकाणी इंटिग्रेशन. मॅक्सिमम लाइकलिहूडचं (जे घडलं त्याची शक्यता सगळ्यात जास्त करणारी किंमत शोधायची पद्धत) उदाहरण बघा, नाणं १० वेळा उडवलं, ७ वेळा छापा आला, तर छापा पडण्याची शक्यता पी किती मानायची? पीचा सातवा घात गुणिले (एक वजा पी) ह्या अख्ख्याचा तिसरा घात, हे सगळ्यात मोठं कधी होतं ते शोधायचं, त्यासाठी लॉग घ्यायचा (गुणाकाराची बेरीज होते), डेरिव्हेटिव्ह काढून शून्याबरोबर मांडायचं, ७ भागिले पी बरोबर ३ भागिले (एक वजा पी), पी येतो ०.७. उत्तर कुणीही तोंडी सांगेल, पण पद्धत कळली की कुठलंही डिस्ट्रिब्युशन आलं तरी वाट सापडते. मला पहिल्या वेळी तिथे लॉग का घेतला हेच कळलं नव्हतं, कारण डेरिव्हेटिव्हची सवयच नव्हती. दुसऱ्या वेळी मॅथ्स टू पूर्ण करून, सुट्टीत बारावी सायन्सच्या पुस्तकातून डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन करून मग बसले आणि ८१ मार्क पडले.

चार कोर्स एकदम घ्यायचा सल्ला मला एका क्लासने दिला होता, १५ हजार घेऊन फॉर्म्युल्यांची पीडीएफ दिली, शंका विचारली की पुढचा व्हिडिओ बघ म्हणायचे. नाव लिहीत नाही, पण क्लास लावू नका. लेक्चर्स यूट्यूबवर फुकट आहेत, पैसे भरायच्या आधी स्टॅट्स टूचे पहिले दोन आठवडे बघून घ्या.

टर्म वर्षात तीन असतात, जानेवारी, मे, सप्टेंबर. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून करणाऱ्यांनी पहिल्या टर्मला मॅथ्स वन, स्टॅट्स वन आणि इंग्लिश, दुसरीला मॅथ्स टू आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग, तिसरीला स्टॅट्स टू आणि पायथॉन असं घ्यावं, राहिलेलं इंग्लिश टू जमेल तिथे बसवा. दोन क्विझ आणि एंड टर्म सेंटरवर जाऊनच द्यायच्या असतात, मी पुणं घेतलं होतं, आदल्या रात्रीची गाडी धरायची, आत्याकडे उतरायचं. दर आठवड्याची असाइनमेंट चुकवू नका, ठरावीक सरासरी नसेल तर एंड टर्मला बसता येत नाही.

ह्या फाउंडेशन लेव्हलला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. माझा चुलतभाऊ यंदा क्वालिफायर देतोय, ती शब्दांची वही त्याला दिलीय, मागची वीस पानं कोरी आहेत ती त्याने भरायची.