एक नग वायसर, किंमत ५१,२८८ रुपये

आधी हिशोब सांगतो, म्हणजे ‘गेले असतील दोनेक हजार’ असं कुणी म्हणायला नको. पार्सलवाल्याच्या हातात रोख १,७९९ रुपये. शुक्रवारी संध्याकाळी खात्यातून ४,९९०. शनिवारी संध्याकाळी २४,५०० आणि चार मिनिटांनी १९,९९९. एकूण ५१,२८८. आणि हे सगळं कशापायी, तर गाडी धुवायला प्रेशर वॉशर, म्हणजे जोराने पाणी मारायचं मशीन, मागवलं म्हणून.

मी अडाणी नाही, हेही आधीच सांगतो. द्राक्षाच्या पट्ट्यात अठ्ठावीस वर्षं पंपांचं दुकान चालवलं. मोनोब्लॉक, सबमर्सिबल, फवारणीचे एचटीपी, सगळं विकलं आणि दुरुस्तही केलं. कुठल्या बागेला किती हेडचा, म्हणजे किती उंच पाणी चढवणारा, पंप लागेल हे मी विहिरीच्या काठावर उभा राहून सांगायचो. आता दुकान पुतण्याकडे आहे आणि मी घरी आहे. मला फसवायचंच होतं तर सोन्याच्या बिस्किटांनी फसवायचं, लॉटरीने फसवायचं. पण पाण्याच्या प्रेशरमध्ये फसवलं, म्हणून जास्त झोंबतंय.

जूनच्या पहिल्या पावसानंतर आमच्याकडच्या रस्त्यांचं काय होतं ते माहीतच असेल. मुलाने दिलेली जुनी वॅगनआर चाकांच्या वरपर्यंत काळ्या चिखलाने लिंपून निघते. मडगार्डच्या आतला चिखल वाळला की सिमेंट होतो. पाइपने कितीही पाणी मारा, वरची धूळ जाते, आतला थर हलत नाही. आणि पाणी जातं किती? अर्ध्या इंची पाइपने वीस लिटरची बादली आमच्याकडे सव्वा मिनिटात भरते. वीस मिनिटं गाडी धुतली की तीनशे लिटरच्या वर गेलं, आणि नळाला पाणी दिवसाआड. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला साधारण सहा लिटर पाणी घेतो, दहा मिनिटांत साठ लिटरमध्ये काम होतं. म्हणजे माझी गरज खोटी नव्हती. वॉशर घ्यायचा विचारही चुकीचा नव्हता. पुतण्या म्हणाला होता, ‘काका, दुकानातला एचटीपी न्या की.’ ट्रॅक्टर, पिकअप सगळे त्याच्यावरच धुतात आमच्याकडे, पस्तीस-चाळीस किलो प्रेशर सहज मिळतं. पण ते मोटार, पट्टा, टाकी असलं धूड अंगणात आणायला हिने साफ नकार दिला.

तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात आली. लाल रंगाचं मशीन, चाकं लावलेलं, गन, फेसाची बाटली, १२० बार, १,८०० वॅट. दुकान बंद करतोय म्हणून शेवटचा माल, किंमत फक्त १,७९९, पैसे माल हातात आल्यावर. बऱ्या कंपनीचा वॉशर पाच हजारांच्या आत येत नाही हे मला माहीत होतं. पण ‘पैसे नंतर द्यायचेत, आपलं काय जातंय’ हा विचार केला. हाच विचार सगळे करतात, म्हणूनच ते लोक पैसे नंतर मागतात. वेबसाइटवर पत्ता नव्हता, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव नव्हतं. नियमाने दोन्ही असायलाच लागतात. मी बघितलं नाही. बघितलं असतं तरी घेतलं असतं, हे खरं.

आता ती वेळ, जी मला रात्री दोन वाजता आठवते.

शुक्रवारी दुपारी पार्सल आलं. कुरिअरच्या पोराने गाडीवरून न उतरता दोन बोटांच्या चिमटीत धरून ते माझ्यापुढे केलं. दोन बोटांच्या चिमटीत! १,८०० वॅटची मोटार, पिस्टन, होज, गन, असलं मशीन सहा-सात किलोच्या खाली नसतं. मी आयुष्यभर पंप उचलले. अर्ध्या एचपीचा आहे की एकचा, हे बॉक्स न उघडता हाताच्या वजनावर सांगायचो, गिऱ्हाइकं पैज लावायची. तोच मी ते पार्सल हातात घेतलं, हाताला ते पावशेर साखरेच्या पुडीएवढं लागलं, आणि मनात काय यावं? ‘आजकाल प्लास्टिक हलकं आलंय.’ प्लास्टिक हलकं! तांब्याचं वायंडिंग काय वाफेचं असतं का? उघडून बघू म्हटलं तर पोरगं म्हणालं, ‘काका, आधी पैसे, मग उघडा, नाहीतर परत पाठवतो, बघा.’ शेजारचे गुरुजी फाटकात उभे होते, आत चहा उतू जात होता, पोरगं गाडी बंदही करत नव्हतं. मोजून १,७९९ दिले. वरचा एक रुपयाही सोडून दिला. म्हणजे १,८००च. पण हिशोबात मी १,७९९च धरतो.

आत पितळी रंगाचं एक नोझल. बोटभर लांब, मागे आट्या, पुढे फिरवायची टोपी. त्याच्यावर चिठ्ठी: ‘साध्या पाइपला जोडा, १२० बारपर्यंत प्रेशर.’

मूर्खपणाची हद्द म्हणजे मी ते जोडून बघितलं. क्लिप आवळली, नळ सोडला, टोपी फिरवली. एक बारीक धार निघाली, पुढे जाऊन तिचा फवारा झाला. काच ओली झाली, चिखल जागच्या जागी. होणारच. आमच्या टाकीचं बूड नळापासून आठ मीटर वर आहे. दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर, म्हणजे साधारण एक बार, हे आमच्या धंद्यातलं पहिलीचं गणित. म्हणजे नळाला पाऊण किलोच्या आसपास. पुढचं तोंड बारीक केलं की धार लांब जाते, प्रेशर काही आभाळातून येत नाही. नुसत्या नळावर १२० बार हवे असतील तर टाकी सव्वा किलोमीटर उंच बांधावी लागेल. चिठ्ठी लिहिणाऱ्याला हे माहीत असेल-नसेल, मला माहीत होतं.

इथे थांबलो असतो तर १,७९९वर भागलं असतं. बाजारात शंभर-सव्वाशेला मिळणारं नोझल महागात घेतलं म्हणून हसलो असतो. पण मला राग आला होता. कुरिअर कंपनीचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधला आणि सगळ्यात वर आला तो लावला. हे कधीही करू नका. नंबर पावतीवरचा घ्या, कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला घ्या, नाही मिळाला तर गप्प बसा.

पुढचं तुम्हाला माहीतच असणार. गोड आवाज, ‘सर’, ‘माफ करा सर’, व्हॉट्सअॅपवर एक फाइल, ती टाकून घ्या म्हणाला. फॉर्ममध्ये नाव, बँक, कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत. नंतर ‘रिफंड नोंदणी’ म्हणून इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा एक गिचमिड मेसेज एका नंबरला माझ्या सिममधून पाठवायला लावला. त्या एका मेसेजने माझं यूपीआय त्याच्या फोनवर सुरू झालं, हे मला नंतर कळलं. कळस म्हणजे तो मला म्हणाला, ‘सर, ओटीपी कुणाला सांगू नका, मलासुद्धा नाही.’ एवढा सज्जन माणूस! त्याला सांगायची गरजच नव्हती, त्याची फाइल माझे मेसेज वाचत होती. मी पिन सांगितला नाही, ओटीपी सांगितला नाही, मोबाइल कुणाच्या हातात दिला नाही. पिन, ओटीपी सांगू नका म्हणून सगळे सांगतात, ते मी पाळलं, तरी पैसे गेले.

६ वाजून ५२ मिनिटांनी ४,९९० गेल्याचा मेसेज आला. मी लगेच, लगेच म्हणजे सात वाजायच्या आत, बँकेच्या टोल फ्री नंबरला फोन लावला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. मराठीसाठी तीन दाबा, मग एक, मग चार, मग वीस मिनिटं सनई. शेवटी एक बाई आल्या, त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कार्ड बंद केलंय, काळजी करू नका. मी काळजी केली नाही. मुलालाही सांगितलं नाही, लाज वाटली. ४,९९०वर निभावलं म्हणून देवापुढे साखर ठेवली आणि शनिवारी साडूच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो. तिथे रेंज नव्हती. रात्री दहाला गाडी हायवेला लागली तेव्हा दोन मेसेज आले.

दुसरा शनिवार, मग रविवार. बँक उघडली सोमवारी. तिथल्या मुलाने कॉम्प्युटरकडे बघत समजावून सांगितलं, ‘नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास पाच हजारांचीच मर्यादा असते, काका. म्हणून त्यांनी थांबून मारले.’ म्हणजे चोर नियम पाळून थांबला होता. त्याने चोवीस तास वाट बघितली, त्या चोवीस तासांत माझ्या बँकेने काय केलं? ‘तुम्ही कार्ड बंद करायला सांगितलं होतं, यूपीआय बंद करायला नाही.’ हे शब्द. मी काय बँकेत नोकरीला आहे, कुठला नळ बंद केला की कुठलं पाणी थांबतं हे मला माहीत असायला? घरात पाणी घुसलंय म्हणून ओरडणाऱ्या माणसाला हे म्हणणार, तुम्ही फक्त स्वयंपाकघराचं नाव घेतलंत.

म्हणून सांगतो, फोन लावलात तर ‘खात्यातून एक रुपयाही बाहेर जाऊ देऊ नका, यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड सगळं बंद करा’ असं म्हणा आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. माझ्याकडे नंबर नव्हता. तो काढायला तीन अर्ज करावे लागले. पहिला अर्ज हरवला, दुसऱ्यावर सही चुकीच्या जागी होती, तिसऱ्याच्या दिवशी सर्व्हर बंद. शेवटी पत्र आलं, ग्राहकाने स्वतः माहिती दिल्यामुळे बँक जबाबदार नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ला एक परिपत्रक काढलं होतं. त्यात लिहिलंय की ग्राहकाची चूक असली तरी कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. कळवल्यानंतर माझे ४४,४९९ गेलेत. ते परिपत्रक छापून नेलं, तर साहेबांनी ते चष्मा न लावता वाचलं आणि परत दिलं. तीस दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, मी गेलोय.

आणि १९३०. सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. हा नंबर दाराच्या मागे लिहून ठेवा. पैसे गेले की त्याच मिनिटाला लावायचा. मला बँकेने सांगितला नाही, टोल फ्रीवरच्या बाईंनी सांगितला नाही, सोमवारी दुपारी पुतण्याने सांगितला. तोवर पैसे कुठल्या कुठे. कुठल्याशा खात्यात ३,११२ रुपये तेवढे गोठवलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं मला तेव्हा सांगितलं.

पोलिसांचं राहिलं. ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हे सायबरचं, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो, जाऊन-येऊन २१० रुपये, तिथे म्हणाले, एवढ्या रकमेचं तुमच्या ठाण्यातच. परत आलो. अंमलदार लिहायला बसले.

‘काय मागवलं होतं?’

‘प्रेशर वॉशर.’

‘वायसर?’

‘वायसर नाही हो, वॉशर. मशीन असतं.’

‘नळाचा?’

‘नळाला जोडतात, पण—’

त्यांनी लिहिलं: ‘एक नग वायसर’. मग आकडा वाचून वर बघितलं आणि शेजारच्याला म्हणाले, ‘एक्कावन्न हजारांचा वायसर! सोन्याचा होता काय काका?’ सगळे हसले. पाणी भरायला आलेलं पोरगंसुद्धा हसलं. गुन्हा दाखल नाही, नुसता अर्ज. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते असा नवीन कायदा १ जुलै २०२४पासून आहे, असं मी म्हणालो. तर ‘काका, कायदा आम्हाला शिकवू नका, वय काय तुमचं?’ निदान अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. तेवढं तुम्हीही कराच, शिक्क्याशिवाय ठाण्यातून उठू नका. आणि पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करा, वजन करा, स्वयंपाकघरातला काटा चालतो. मशीनला वायर आणि प्लग आहे का बघा. वॅट नाही, प्लग नाही, तर प्रेशरही नाही.

मुलाला शेवटी सांगावं लागलं. तो काही बोलला नाही, महिन्याभराने येताना खरा वॉशर घेऊन आला, ६,२०० रुपयांचा. मडगार्डमधला चिखल पहिल्या फटक्यात ढेकळं होऊन पडला. गन फूटभर लांब धरायची, टायरच्या बाजूला आणि रंगाचा पोपडा आलाय तिथे जवळ न्यायची नाही, एवढं सांभाळलं की झालं. मी मात्र अजून ते मशीन चालवत नाही, तोच रविवारी आला की धुतो.

ते नोझल हिने परसातल्या पाइपला लावलंय, कढीपत्त्याला पाणी घालायला. आटीतून गळतं. वायसर बदलायला झालाय.