सलग वाचायचं, की थांबत-विचारत?

लहान मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट वाचायच्या दोन तऱ्हा. एक, पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत सलग वाचायचं. दुसरी, चित्रापाशी थांबायचं, 'आता हा कुठे जाईल?' असं विचारायचं आणि मिळालेलं अर्धंमुर्धं उत्तर वाढवून परत द्यायचं. मूल म्हणालं 'भूभू', की आपण म्हणायचं, 'हो, काळा भूभू चिखलात लोळतोय!'

१९८८ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांबाबत हे महिनाभर ताडून पाहिलं. दोन्ही गटांतले पालक जवळपास सारखंच वाचत होते, तरी ज्यांना थांबत-विचारत वाचून दाखवलं, ती मुलं बोलण्यात पुढे गेली. म्हणून दिवसा, चित्रांचं पुस्तक हातात असेल तर माझा कौल दुसऱ्या तऱ्हेलाच. फक्त 'हा रंग कोणता?' अशी परीक्षा घेऊ नये. मूल लगेच पुस्तक मिटतं! आणि प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजावेत. लहानग्यांना शब्द शोधायला वेळ लागतो.

झोपायच्या वेळी मात्र सलगच वाचावं. लयीची गोष्टही तोडू नये. म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत निघाली, वाघ आडवा आला, आणि नेमकं तिथे आपण 'भोपळा कुठे उगवतो?' विचारलं, तर सगळी धडधडच गेली. तिथे थांबायचंच असेल तर असं: 'चल रे भोपळ्या...' म्हणून गप्प बसायचं. चौथ्या-पाचव्या रात्री 'टुणूक टुणूक' पांघरुणातून येतं.