उन्हाळ्यातील तारखा आणि मुंबईचे रस्ते: एका वारसा फेरीचे परीक्षण

दिनविशेष हा प्रकार मराठी घराला नवा नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आणि अलीकडे पहाटेच येऊन थडकणाऱ्या व्हॉट्सअॅप संदेशांत तो आपल्याला रोज भेटतो, आणि दुपारपर्यंत आपण तो विसरूनही जातो. एप्रिल आणि मे महिन्यांतील रविवारी सकाळी दक्षिण मुंबईत होणारी ही मराठी वारसा फेरी नेमक्या याच विषयावर बेतलेली आहे. उन्हाळ्यातील ठरावीक तारखांना या शहरात ज्या घटना घडल्या, त्या त्यांच्या जागी उभे राहून समजून घ्यायच्या, अशी तिची मांडणी आहे. थोडे चालणे, थोडा बसप्रवास, साधारण साडेचार तासांचा अवधी आणि माणशी ७५० रुपये शुल्क, असा हा व्यवहार आहे. फेरीचा दर्जा सर्वत्र सारखा नाही. जिथे मार्गदर्शिकेने तारखेमागचा अख्खा दिवस उभा केला तिथे ती उत्कृष्ट आहे, आणि जिथे केवळ तारीख वाचून दाखवली तिथे घरी बसून दिनदर्शिका चाळली असती तरी चालले असते.

आरंभ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, महापालिकेच्या बाजूच्या पदपथावर होतो. १६ एप्रिल १८५३ हा येथील पहिला दिवस. मार्गदर्शिकेने सुरुवातीलाच एक चांगली गोष्ट केली. समोर दिसणारी भव्य इमारत त्या दिवशी अस्तित्वातच नव्हती, ती फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिली, आणि पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरच्या साध्या स्थानकातून, हे तिने स्पष्ट केले. दुपारी साडेतीन वाजता एकवीस तोफांच्या सलामीनंतर साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित घेऊन ठाण्याकडे प्रस्थान ठेवले, हा तपशील बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. नाना शंकरशेट गाडीत होते, हेही शाळेत शिकवले जाते. परंतु "गव्हर्नर कुठे होते?" हा तिचा प्रश्न ऐकून आमचा घोळका गप्प झाला. लॉर्ड फॉकलंड आदल्या संध्याकाळीच थंड हवेसाठी डोंगरांकडे रवाना झाले होते आणि समारंभाला त्यांच्या पत्नी उपस्थित राहिल्या. एप्रिलच्या दुपारी साडेतीन वाजता मुंबईत कोणाला थांबावेसे वाटेल, हे त्या पदपथावर सकाळी आठच्या आत घाम पुसणाऱ्या आम्हा सर्वांना वेगळे सांगावे लागले नाही.

ट्रामचा टप्पा येथेच उरकला जातो. ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. भाडे प्रारंभी तीन आणे होते, ते लवकरच दोन आण्यांवर आणावे लागले. विजेवरची ट्राम ७ मे १९०७ रोजी आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. जन्मही उन्हाळ्यात आणि अखेरही उन्हाळ्याच्या तोंडावर, ही गंमत मार्गदर्शिकेच्या नजरेतून सुटली, पण एवढे सोडल्यास हा भाग आटोपशीर आणि नेमका आहे.

त्यानंतर बस पी. डि'मेलो मार्गावर येते, आणि या फेरीचे शुल्क ज्या एका भागासाठी आनंदाने द्यावे तो भाग सुरू होतो. गोदीच्या आवारात प्रवेश मिळत नाही, त्यामुळे भिंतीच्या कडेला झाडाच्या सावलीत उभे राहूनच सर्व ऐकावे लागते. परंतु येथे प्रत्येकाच्या हातात एक जाड पुठ्ठ्याचे पत्रक दिले जाते, ज्याच्या एका बाजूला व्हिक्टोरिया गोदीचा नकाशा आहे आणि दुसऱ्या बाजूला १४ एप्रिल १९४४ या दिवसाचे वेळापत्रक. मार्गदर्शिका त्या वेळापत्रकावर बोट ठेवून एकेक तास पुढे सरकत जाते.

'फोर्ट स्टिकिन' हे जहाज इंग्लंडमधील बर्कनहेड येथून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत पोहोचले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, सोन्याच्या विटा, आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या गासड्या, लाकूड, तेलाची पिंपे असा एकमेकांशी मुळीच न पटणारा माल होता. युद्धाचा काळ असल्याने जागा मिळेल तिथे माल कोंबणे ही त्या दिवसांची रीत झाली होती. धोकादायक माल असल्याची खूण म्हणून जहाजावर लाल निशाण लावायचे असते. ते लावलेले नव्हते. जेवणाच्या सुट्टीनंतर हमाल कामावर परतले तेव्हा कापूस असलेल्या भागातून धूर येताना दिसला. बंब आले, नळ्या सोडल्या गेल्या, शेकडो टन पाणी आत ओतले गेले, पण दाट धुरामुळे आगीचे मूळच सापडेना. जहाज गोदीबाहेर न्यावे की जागेवरच बुडवावे, याचा निर्णय कोणी घ्यायचा हेच ठरेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली.

हे सारे ऐकताना लक्षात येते की येथे तारखेपेक्षा तास महत्त्वाचे आहेत. धूर दिसण्यापासून स्फोटापर्यंत दोन तासांहून अधिक अवधी हाताशी होता, आणि तो सल्लामसलतीत गेला. मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत जातात. त्यात अग्निशमन दलाचे साठहून अधिक जवान होते, आणि त्यांच्याच स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. सोन्याची एक वीट मैलभर लांब उडून एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली, हा किस्सा मार्गदर्शिकेने सांगितला खरा, पण त्यावर रेंगाळली नाही, हे मला विशेष आवडले. एरवी गोदीच्या स्फोटाची गोष्ट त्या विटेपाशीच संपते. त्याऐवजी तिने वेळ दिला तो बातमीला. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी स्फोटाची सविस्तर बातमी दिली, तर येथील वार्ताहरांना युद्धकाळातील निर्बंधांमुळे वृत्त पाठवण्याची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. ज्या शहराच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या त्या शहराला छापील वृत्तासाठी चार आठवडे थांबावे लागले. आमच्या घोळक्यातील गोदीतून निवृत्त झालेले एक काका मध्येच म्हणाले, "ताई, आमच्या वडिलांनी या दिवसाबद्दल शेवटपर्यंत फारसं काही सांगितलं नाही." त्यावर तिने काही भाष्य न करता त्यांना नकाशावर धक्का क्रमांक १ दाखवला आणि "काका, सावलीत या" एवढेच म्हटले.

इतक्या उंचीवरून फेरी हुतात्मा चौकात एकदम खाली येते. १ मे १९६० म्हणजे महाराष्ट्राची स्थापना, यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार यांचे स्मारक, एवढे सांगून छायाचित्रांसाठी पाच मिनिटे देण्यात आली. मुळात येथे जागा आणि तारीख यांचा मेळच बसत नाही. या चौकाचा दिवस १ मे नसून २१ नोव्हेंबर १९५५ आहे. त्या दिवशी येथे निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढे जानेवारी १९५६ मध्ये शहरभर पुन्हा गोळीबार झाला. मे महिन्यातील समारंभ घडला तो अन्यत्र: ३० एप्रिलच्या मध्यरात्री राजभवनावर, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत. नोव्हेंबर ते मे या साडेचार वर्षांत द्वैभाषिक मुंबई राज्य कसे आले आणि का टिकले नाही, हे सांगितल्याशिवाय त्या चौकात उभे राहण्याला अर्थ उरत नाही. ट्रामचे रूळ मात्र तिने आठवणीने दाखवले, जे फ्लोरा फाउंटनच्या परिसरातील कामांच्या वेळी जमिनीखाली सापडले होते.

वानखेडे मैदानाबाहेर बस थांबवून २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यावर जवळजवळ पाऊण तास घालवण्यात आला. गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१ धावा उपस्थितांपैकी लहान मुले वगळता सर्वांना तोंडपाठ होत्या, आणि मार्गदर्शिकेपेक्षा श्रोतेच अधिक बोलत होते. उत्साह समजण्यासारखा आहे, पण इतिहास सांगण्याची गरज असते ती विसरलेल्या दिवसांना.

आणि असा एक दिवस तेथून हाकेच्या अंतरावर आहे. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध हरताळ पाळला गेला, तेव्हा हजारो मुंबईकर सकाळी चौपाटीवर जमून समुद्रस्नानानंतर मिरवणुकीने निघाले होते. त्याच संध्याकाळी गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारीतून बंदी असलेली पुस्तके विकत फिरले. चार आण्यांच्या 'हिंद स्वराज'ला लोकांनी पाच-दहा रुपये मोजले आणि एकाने तर पन्नास. बस चौपाटीसमोरूनच जाते. फेरीत या दिवसाचा उल्लेखही नाही. वानखेडेवरचा निम्मा वेळ येथे दिला असता तर फेरीचा उत्तरार्ध सावरला असता.

गिरगावात शेवटचा टप्पा आहे तो ३ मे १९१३ चा. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्या शनिवारी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. ते चित्रपटगृह आता नाही, त्यामुळे पाहण्यासारखे काही नसताना केवळ बोलण्यावर वीस मिनिटे तोलून धरणे सोपे नव्हते, आणि मार्गदर्शिकेने ते साधले. मुख्य चित्रपटाच्या जोडीला नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांवर वस्तू नाचवणाऱ्या कसरतपटूचा खेळ होता. तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते. आणि दादरच्या घरात झालेल्या चित्रीकरणाच्या दिवसांत सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करीत, असे तिने एकामागून एक सांगितले. फेरीच्या माहितीपत्रकात (गोदीपाशी मिळालेल्या पुठ्ठ्याच्या नव्हे) मात्र ३ मे हा "पहिला खेळ" म्हणून छापला आहे. निमंत्रितांसाठीचा खेळ त्याआधी २१ एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात झाला होता, हे तिथे यायला हवे होते.

पत्रकाविषयी आणखी थोडे. बोरीबंदर ते ठाणे हे अंतर त्यात "३४ मैल" असे आले आहे. ते २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटर आहे. मागच्या पानावर मुंबईबाहेरील उन्हाळी दिवसांची यादी दिली आहे. तीत ६ जून १६७४, म्हणजे रायगडावरील शिवराज्याभिषेक, अर्थातच आहे. पण ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी दिलेली नाही. इंग्रजांकडे तेव्हा जुने ज्युलियन कॅलेंडर चालत असे, आणि ६ जून ही तारीख त्याच कॅलेंडरातील आहे. आजच्या हिशेबाने तो दिवस १६ जूनला येतो. आपल्याकडे तारखेचा आणि तिथीचा असे दोन सोहळे होत असताना तारखांवरच उभारलेल्या फेरीने याचा खुलासा टाळणे बरे दिसत नाही. शिवाय या दिवसाचा मुंबईशी थेट संबंध आहे: इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहूनच रायगडावर गेला होता आणि राज्याभिषेकाला हजर होता. तो धागा फेरीला फुकट मिळाला असता.

आता व्यवस्थेविषयी. पाण्याच्या बाटल्या पुरेशा होत्या आणि गोदीच्या टप्प्यानंतर दिलेले पन्हे खरोखर कैरीचे होते, बाटलीबंद अर्काचे नव्हे. कानाला लावायची यंत्रे मात्र जुनी झाली आहेत. वाहतुकीच्या आवाजात माझ्या यंत्रातून अर्धी वाक्ये ऐकू आली आणि बदलून दिलेल्याची तीच गत झाली. स्वच्छतागृहासाठी एकच थांबा आहे, तोही फेरीच्या पूर्वार्धात, याची ज्येष्ठांनी नोंद घ्यावी. बसचे वातानुकूलन ठीक होते. नोंदणी फोनवर होते आणि रद्द केल्यास निम्मी रक्कम परत मिळते, असे सांगण्यात आले.

दहा वर्षांखालील मुलांना नेऊ नये, असे माझे मत आहे, कारण गोदीचा भाग त्यांना झेपणारा नाही आणि उरलेल्यात ती कंटाळतात. निवड करता येत असेल तर १४ एप्रिलच्या आसपासचा रविवार घ्यावा; मे महिन्यात अकरानंतर गिरगावच्या रस्त्यावर उभे राहणे जड जाते. आयोजकांना मी लेखी कळवले आहे की वानखेडेचा थांबा वगळून चौपाटीचा घ्यावा आणि पत्रक दुरुस्त करून छापावे. पत्रकाबद्दल होकार आला आहे. वानखेडेला गर्दीची पसंती असल्याने तो राहील, असे उत्तर मिळाले.