सेल्फ कधी लागतो, कधी नाही: मल्टीमीटर घ्यावा की साधा बल्ब?

दुचाकी अजिबात चालूच होत नसेल तर ते दुखणं सोपं. डोकं खाते ती सकाळी पहिल्या सेल्फला उठणारी आणि दुपारी नुसतं बटण दाबून घेणारी. अशा गाडीसाठी व्होल्टेज आकड्यात दाखवणारा डिजिटल मल्टीमीटर घ्यावा की दोन वायरी जोडलेला टेस्टिंगचा बल्ब, हा प्रश्न मलाही पडला होता. मी आधी मीटर घेतला. बल्ब नंतर आला, तोही चिडून. (पेट्रोल येतंय, प्लगला ठिणगी पडतेय, हे बघून झालंय असं धरतो. ते झालं नसेल तर दोन्ही बाजूला ठेवा.)

बॅटरीबद्दल वादच नाही, तिथे मीटर. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली. 12 च्या खाली गेला तर उतरलेली. सेल्फ मारताना तोच आकडा 10 च्या बराच खाली बसला तर बहुधा बॅटरीच थकलीय. इंजिन चालू ठेवून रेस वाढवल्यावर 13.5 ते 14.5 मिळाले की चार्जिंगची काळजी मिटली. हा बारीक फरक बल्बला कळत नाही. 12.6 काय आणि 12.1 काय, तो आपला पेटतो.

माझ्या गाडीत बॅटरी ठणठणीत होती. बटण दाबलं की कधी सेल्फ फिरायचा, कधी रिलेचा (बटण दाबल्यावर सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचचा) 'टक्' आवाजसुद्धा नाही. मी रिलेचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) काढला, मीटरच्या पिना आत घातल्या, बटण दाबलं: 12.4. म्हणजे वायर चांगली. मग रिले बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

चूक मीटरची नव्हती, पण तिथेच माझं त्याच्याशी बिनसलं. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीचे धागे तुटून टोकं एकमेकांना नुसती टेकलेली असली, तरी मोकळ्या कपलरवर तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्याच कपलरला 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावला, तर त्याला पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट लागतो. माझा बल्ब तिथे विझत्या निखाऱ्यासारखा लालसर झाला. हँडल डावीकडे वळवलं तर गेला, सरळ केल्यावर परत आला. स्टिअरिंगपाशी जिथे वायरिंग रोज वाकतं, तिथे वरचं प्लास्टिक शाबूत होतं आणि आतली तार हिरवी पडून तुटली होती.

आणखी एक गोष्ट, कदाचित माझ्यापुरतीच. मीटरच्या दोन पिना धरायला दोन हात लागतात, बटणाला तिसरा, हँडल हलवायला चौथा, आणि डोळे आकड्यावर. तो आकडाही सेकंदात दोन-तीनदाच बदलतो. क्षणभर तुटलेला संपर्क त्यात सापडेलच असं नाही. बल्बला चिमटे लावून तो टाकीवर ठेवला की हात मोकळे. वायरी हलवत जायचं, उजेड थरथरला की बोट तिथेच थांबवायचं.

बल्बचे दोषही सांगतो. तापला की चटका देतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा सेन्सरच्या वायरींना तो लावू नये, तेवढा करंट त्यांना झेपणारा नसतो. तिथे मीटरच बरा. आणि एलईडीचा टेस्टर बल्ब समजून घेऊ नका. तो थोड्याशा करंटवरही पेटतो, म्हणजे पुन्हा मीटरचंच दुखणं. जुना, तारेचा बल्बच हवा.

मीटर घ्याल तेव्हा लाल वायर अँपिअरच्या भोकात विसरून बॅटरीवर टेकवू नका. तो सरळ शॉर्ट होतो. मी एकदा केलंय. फ्यूज गेला एवढ्यावर निभावलं.

जमलं तर दोन्ही ठेवा, असं म्हणणं सोपं आहे. पण रोग 'कधी लागतो, कधी नाही' असाच असेल, तर मी आधी बल्ब बनवेन. बॅटरी तर काय, कुणाकडचाही मीटर मागून दोन मिनिटांत बघता येते. माझा मीटर घरात असतो. बल्ब सीटखाली, टूलकिटशेजारी, कापडात गुंडाळून.