नुसता कॅमेरा की जोडीला रडार? सोलापूर–पुणे रस्त्यासाठी गाडी घेताना

जुळे सोलापुरात राहणारा माझा मेहुणा गाडी घेतोय. कामासाठी आठवड्यातून एकदा पुणं ठरलेलं, तेही पहाटे साडेचारला निघून. दोन गाड्या मनात भरल्यात. दोन्हींत अ‍ॅडास आहे, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, वेळ आलीच तर स्वतःहून ब्रेक लावणं, लेन सोडू न देणं. एकीत हा सगळा कारभार काचेमागचा एकटा कॅमेरा बघतो, दुसरीत त्याच्या जोडीला पुढे रडार आहे, म्हणजे रेडिओ लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारं यंत्र. ती दुसरी महाग. "दाजी, ते रडार नुसतं फॅड आहे का?" असं त्याने विचारलं.

फॅड नाही. पण सेल्समन सांगतो तशी कवचकुंडलंही नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे उजनीच्या पाण्याच्या अंगाने, इंदापूर-भिगवणच्या पट्ट्यात, धुकं कसं दाटतं ते या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. धुक्याचा थेंब साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. प्रकाशाची लहर त्याहूनही कितीतरी बारीक, त्यामुळे ती प्रत्येक थेंबावर आपटून विखुरते. अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते ती यामुळेच, आणि कॅमेऱ्यालाही तीच भिंत दिसते. गाडीतलं रडार साधारण 77 गिगाहर्ट्झवर चालतं, त्याची लहर जवळपास 4 मिलिमीटरची. धुक्याचा थेंब तिच्या खिजगणतीतही नाही. पुढे ट्रक चालत असेल तर तो किती लांब आहे आणि किती वेगाने जातोय, हे रडार थेट मोजतं. कॅमेऱ्याला ते चित्रावरून ताडावं लागतं.

मे महिन्यातला वळीव वेगळा. त्याचे टपोरे थेंब काही मिलिमीटरचे, म्हणजे रडारच्या लहरीच्याच मापाचे, म्हणून तिथे रडारचीही नजर थोडी आखूड होते. तरी वायपर हरले म्हणून चाचपडणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा ते बरंच. समोरच्या उन्हाने रडारचे डोळे दिपत नाहीत हा आणखी एक फायदा, पण मेहुण्याला त्याचं फारसं काही नाही. पहाटे पुण्याकडे जाताना आणि संध्याकाळी परतताना, दोन्ही वेळा सूर्य त्याच्या पाठीशी. उलट वेळेला प्रवास करणाऱ्याने मात्र हे धरून चालावं.

आता रडारचं उणं. रस्त्यावरचा रंग त्याला दिसतच नाही. लेनचे पट्टे, वेगमर्यादेचा फलक हे कॅमेऱ्याचंच काम, त्यामुळे धुक्यात लेन राखणारी सोय महागड्या गाडीतही मान टाकते. आणि ज्याची आपल्याकडे खरी धास्ती, ती बंद पडलेली उसाची ट्रॉली! हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात रस्त्यातच उभी असते. रडारला कमान, कठडे, फलक अशा शेकडो स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी येत असतात. प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी पुलापुलापाशी थांबेल. म्हणून अनेक यंत्रणा स्थिर वस्तूच्या बाबतीत कॅमेऱ्याने दुजोरा दिल्याशिवाय जोरात ब्रेक लावत नाहीत. धुक्यात कॅमेरा दुजोरा काय देणार? चालती ट्रॉली रडार पकडेल, उभीची खात्री धरू नये.

होंडाने 2022 मध्ये सिटी हायब्रिडला आणि पुढच्या वर्षी एलिव्हेटला एकट्या कॅमेऱ्यावर ही सोय दिली, महिंद्राने 2021 मध्ये एक्सयूव्ही 700 ला कॅमेरा-रडार जोडी दिली. म्हणजे जाणकारांतही एकमत नाही. टेस्लाने 2021 मध्ये अमेरिकेत रडार काढून टाकलं, तर चालकाविना टॅक्सी चालवणाऱ्या वेमोने 2024 मध्ये जाहीर केलेल्या संचात 13 कॅमेरे, 6 रडार आणि 4 लायडार ठेवले. लायडार म्हणजे लेसरने अंतर मोजणारं यंत्र. अंधाराचं त्याला काही वाटत नाही, पण लहर प्रकाशाच्याच जातीची असल्याने दाट धुक्यात तेही अडखळतं. आपल्या दोन गाड्यांत ते नाहीच, तेव्हा विषय संपला.

खर्चाचं कुणी बोलत नाही. रडार लोगोच्या मागे नाहीतर बंपरच्या जाळीत बसतं. पावसात शेतरस्त्याने गेलात की काळ्या मातीचा ओला लेप त्यावर बसतो आणि डॅशबोर्डवर इशारा झळकतो. माझ्या गाडीला दसऱ्याला झेंडूचा ओलाचिंब हार जाळीवर बांधला होता, अर्धा दिवस क्रूझ, म्हणजे अंतर राखत आपोआप वेग सांभाळणारी सोय, चालेना. मी सर्व्हिस सेंटरला फोन लावत बसलो, हार मुलीने काढला. बंपरला बाहेरून लोखंडी गार्ड लावायची हौसही रडार असेल तर सोडावी लागते. कॅमेऱ्यालाही खर्च आहेच. पुढची काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं, करून घ्यावं लागतं, कोपऱ्यावरचा काचवाला ते करून देईलच असं नाही.

मेहुण्याला म्हटलं, पुण्याच्या खेपा असतील तर रडारवाली घे. फक्त सोलापुरातल्या सोलापुरात, सात रस्ता ते होटगी रोड फिरायचं असतं, तर कॅमेरावाली घेऊन उरलेले पैसे चांगल्या टायरांत घालायला सांगितलं असतं. आणि बुकिंगआधी दोन्ही गाड्यांच्या माहितीपुस्तिकेतलं एक पान वाच म्हटलं: कॅमेरा किंवा रडार झाकलं गेलं तर काय काय बंद होतं. काही गाड्यांत दोघांपैकी एक अडलं तरी ब्रेकची सोय बंद पडते. तसं असेल तर धुक्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.