जेमंकीइंजिन आठ महिने वापरून: मॉडेल लोड होत नाही म्हणून गेलेल्या रात्री आणि त्यातून कळलेलं

दिवाळीच्या आदल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांना गेम दाखवायचा होता. जेमंकीइंजिनवर (जेएमई, जावात गेम बनवायचं इंजिन) केलेला गेम म्हणजे आपला दिवाळीतला मातीचा किल्लाच, बुरूज मांडा, मावळे ठेवा, तोफा लावा. माझ्या लॅपटॉपवर महिनाभर झकास चालत होता. जार, म्हणजे अख्खा गेम बांधलेली जावाची फाइल, पेनड्राइव्हवर घेतली, हॉलच्या कॉम्प्युटरला जावा टाकलेलं होतंच, डबल क्लिक केलं आणि गेमऐवजी एररचा डबा. असेट नॉट फाउंड एक्सेप्शन, म्हणजे बुरुजाची ओबीजे फाइल (त्याचं थ्रीडी मॉडेल) सापडत नाही. दहा-बारा पोरं खुर्च्या ओढून बसलेली. त्यादिवशी त्यांना नुसते स्क्रीनशॉट दाखवले आणि घरी येऊन जेवलोसुद्धा नाही, आधी कारण शोधायला बसलो.

कारण सापडलं रात्री दीडला. जार ही मुळात झिपच असते, नाव बदलून उघडून बघितली तर आत मॉडेल्सचा फोल्डर होता, टेक्श्चर (मॉडेलवर चढवायची चित्रं) होते, ओबीजे एकही नाही. मी जेएमईच्या एसडीकेमधला (इंजिनसोबतच्या गेम लिहायच्या सॉफ्टवेअरमधला) प्रोजेक्ट वापरत होतो आणि त्याच्या सेटिंगमध्ये बिल्ड करताना (जार बनवताना) वगळायच्या फायलींची यादी असते, त्यात मॉडेलांच्या मूळ फायली, म्हणजे ओबीजे, एमटीएल, ब्लेंड, ओगरच्या मेश-एक्सएमएल सगळ्या बसतात. त्यामागचा विचार असा की मूळ फायली कामापुरत्या, वाटायच्या गेममध्ये इंजिनची स्वतःची जे-थ्री-ओ जावी. एसडीकेमध्ये चालवताना मूळ फाइल सापडते म्हणून सगळं ठीक दिसतं, जारमध्ये गेली की गायब. विचार बरोबर आहे हो, जे-थ्री-ओ लोडही लवकर होते, पण बिल्ड करताना एक ओळ तरी दाखवा ना की तुमचा कोड ही फाइल मागतोय आणि मी ती वगळतोय. मॉडेलवर राइट क्लिक करून जे-थ्री-ओ केली, कोडमध्ये नाव बदललं, संपलं. दहा मिनिटांचं काम.

इंजिन फुकट आहे, बीएसडी लायसन्स, गेम विकला तरी कोणाला पैसे द्यायचे नाहीत. माझ्याकडे आठ जीबीचा जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, आणि नवीन घ्यायची तयारी नाही, त्यामुळे मोठ्या इंजिनांकडे मी गेलोच नाही. पैसे गेले ते एका ऑनलाइन कोर्सवर. त्यात ब्लेंडरची (थ्रीडी मॉडेलं करायच्या सॉफ्टवेअरची) फाइल सरळ लोड करायला शिकवलं होतं. तो ब्लेंड लोडर इंजिनातून कधीच काढलाय, नवीन आवृत्तीत नाहीच, आणि कोर्सवाल्यांनी ते कुठे लिहिलेलं नाही. रिफंड मागितला, उत्तर आलं नाही. ते पैसे मला अजून टोचतात.

आता माझा खरा राग, एरर दाखवायच्या पद्धतीवर. टेक्श्चर सापडलं नाही की इंजिन फाइलचं नाव सांगतं आणि पुढे कंसात फ्लिप्ड, मग अजून एका कंसात मिपमॅप्ड. मला वाटलं तशा नावाची फाइल हवी आहे! भाचा नाशिकला, मॉडेलं तोच करतो, त्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामा, मी असलं काही नाव दिलेलंच नाही." दोन संध्याकाळी आम्ही एक्सपोर्टची एकेक सेटिंग उलटीपालटी करत बसलो. ते कंस म्हणजे टेक्श्चर कसं लोड करायचं त्याची माहिती, उभं उलटवायचं आणि लहान आकाराच्या प्रती करायच्या, बस. नावाचा भाग कंसाच्या आधी संपतो. आणि शोधलं कुठे हे तो संदेश सांगत नाही. कुठल्या फोल्डरात बघितलं, कुठल्या जारमध्ये बघितलं, एवढं लिहिलं असतं तर माझे निम्मे प्रश्न तिथेच सुटले असते.

त्या वेळची खरी चूक एमटीएल फाइलमध्ये होती, ओबीजेसोबतची, जिच्यात मटेरियल आणि टेक्श्चर लिहिलेले असतात. ती साधी टेक्स्ट फाइल असते, एडिटरमध्ये उघडली की टेक्श्चरची ओळ दिसते. त्या ओळीत सी ड्राइव्हपासून भाच्याच्या कॉम्प्युटरचा अख्खा पत्ता. त्याच्या विंडोजवर इंजिन त्यातलं शेवटचं फाइलचं नाव तेवढं उचलतं म्हणून त्याला बरोबर दिसायचं, माझ्या लिनक्सवर उलट्या स्लॅशला काही अर्थ नाही, अख्खा पत्ताच नाव समजला जातो. बुरुजावर दगडाऐवजी लाल-पांढरे चौकडे. ब्लेंडरमध्ये एक्सपोर्ट करताना पाथ मोड 'स्ट्रिप' ठेवला की नुसतं नाव लिहिलं जातं. आणि असे चौकडे दिसले की गेम बंद पडत नाही, फक्त लॉगमध्ये वॉर्निंग येते. कुठलातरी ट्युटोरियल बघून मी लॉगची लेव्हल 'सिव्हियर' (फक्त गंभीर चुका दाखवायच्या) करून ठेवली होती, कन्सोल स्वच्छ दिसावा म्हणून. ती ओळ पहिली उडवा. वॉर्निंग बंद करून मॉडेलची चूक शोधणं म्हणजे दिवा मालवून सुई शोधणं.

उलट एक वॉर्निंग सुरुवातीला उगाच घाबरवते, अमुक लोडर सापडत नाही अशी. जो फॉरमॅट वापरतच नाही त्याची असेल तर सोडून द्या. जीएलटीएफची (मॉडेलांचा आणखी एक फॉरमॅट) असेल तर मात्र जेएमई-थ्री-प्लगिन्स ही डिपेंडन्सी (लागणारी जोड-लायब्ररी) ग्रेडलमध्ये (बिल्ड करणाऱ्या टूलमध्ये) घालायची राहिली आहे, आणि पुढे 'नो लोडर रजिस्टर्ड' म्हणत गेम बंद पडणार हे नक्की.

एका गोष्टीबद्दल मात्र माझं मत पूर्ण बदललं. भाच्याने कोडमध्ये मॉडेल्स फोल्डरचं पहिलं अक्षर स्मॉल लिहिलं, फोल्डरचं कॅपिटल. विंडोजला फरक पडत नाही, पण इंजिन अडलं: असेटचं नाव जुळत नाही, आणि दोन्ही नावं एकाखाली एक. तेव्हा आम्ही दोघंही वैतागलो, फाइल समोर दिसतेय आणि हे अक्षराचा लहानमोठेपणा काढून बसलंय. आज म्हणतो बरं झालं अडलं. जारच्या आत कॅपिटल-स्मॉल वेगळं धरलं जातं, लिनक्सवरही. विंडोजवर खपून गेलं असतं तर तीच चूक हॉलमध्ये पोरांसमोर बाहेर आली असती. ज्या संदेशाला महिनाभर नावं ठेवली तोच सगळ्यात कामाचा निघाला, कारण काय हवंय आणि काय मिळालं हे दोन्ही तो सांगतो. बाकीचे संदेश असे का लिहीत नाहीत?

मावळ्यांना हालचाल हवी म्हणून ओबीजे सोडून जीएलटीएफवर आलो, ओबीजेत ॲनिमेशन नसतंच. मॉडेल लोड झालं, एरर नाही, पण मावळा काळाठिक्कर. हे लोडिंगचं दुखणं वाटतं पण नाही, जीएलटीएफ मॉडेल पीबीआर (प्रकाश खऱ्यासारखा दाखवणारं) मटेरियल घेऊन येतं आणि त्याला आजूबाजूचा प्रकाश लागतो, सीनमध्ये लाइट प्रोब (तो प्रकाश पुरवणारा) टाकला की मावळ्याचा फेटा केशरी दिसला. मग ॲनिमेशन. मॉडेलकडून ॲनिम-कंपोझर (ॲनिमेशन चालवणारा भाग) मागितला तर नल, म्हणजे काहीच नाही. मला वाटलं एक्सपोर्टमध्ये गेलं, भाच्याकडून चार वेळा फाइल मागवली बिचाऱ्याकडून, आणि तो कंपोझर होता मॉडेलच्या आतल्या नोडवर (तुकड्यावर), सगळ्यात वरच्या नोडवर नाही. आतल्या नोडांमधून खाली उतरत शोधणारी सात ओळींची मेथड लिहिली, तेव्हापासून त्रास नाही. जुन्या ट्युटोरियलमधला ॲनिम-कंट्रोल मागत असाल तर तोही नलच येईल, नवीन फायलींत तो नसतो.

'असेट लोड एक्सेप्शन' आलं तर ते सापडलं नाही असं नाही, सापडलं पण वाचता आलं नाही. तिथे पहिली ओळ सोडून खाली 'कॉज्ड बाय' पर्यंत जा. एकदा मी स्वतः लिहिलेल्या कंट्रोलच्या (मॉडेलला जोडलेल्या कोडच्या) क्लासचं नाव बदललं आणि तो क्लास आधी सेव्ह केलेल्या जे-थ्री-ओमध्ये जुन्या नावाने बसलेला. खाली स्पष्ट लिहिलं होतं, क्लास नॉट फाउंड. मी वरच्याच दोन ओळी वाचत राहिलो आणि एक रविवार गेला.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी परत हॉलमध्ये गेलो. आधी जार उघडून आतली प्रत्येक जे-थ्री-ओ यादीशी ताडून बघितली, मग डबल क्लिक. तटबंदी आली, बुरूज आले, मावळा चालला. पहिल्या मजल्यावरची लहान मुलगी म्हणाली, "काका, तोफ उलटी आहे." खरंच उलटी होती, तोंड किल्ल्याच्या आत. भाच्याला कळवलंय, या आठवड्यात फिरवून पाठवतो म्हणालाय.